आधी नाडी, मग ताट

सकाळी ८.३०. सोलच्या जेगी-दोंग स्टेशनाबाहेर पडलं की औषधी बाजाराचा वास येऊ लागतो. पोत्यांत वाळलेली मुळं, सालींच्या जुड्या, जिनसेंग. इथल्या एखाद्या कोरियन वैद्यबाईंचा दिवस या गल्ल्यांतूनच सुरू होतो.

९.३०. पहिली पेशंट दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी. ‘काय खायचं बंद करू?’ असं आल्या आल्या विचारते. बाई आधी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघतात, जीभ बघतात. मग विचारतात, ‘घाम आल्यावर हलकं वाटतं, की गळून जायला होतं?’ हलकं वाटत असेल आणि अंगकाठी भरदार असेल, तर गट बहुधा थेउमिन. कोरियन वैद्य ली जे-मा यांनी १८९४ मध्ये माणसांचे असे चार गट मांडले. थेउमिनांचं यकृत बलवान, फुप्फुसं दुबळी; त्यांचं शरीर साठवतं फार, बाहेर टाकतं कमी, असं हे शास्त्र मानतं. त्यांना मुळा, सोयाबीन आणि युलमू मानवतं. युलमू म्हणजे एका गवताचे टपोरे, मधोमध खोल खाच असलेले दाणे. ते भातात घालून शिजवायचे. दुकानातल्या तयार युलमू चहात बरेचदा साखर असते, हेही बाई बजावून सांगतात.

११.००. दुसरीचे हातपाय गार, पचन मंद. वजनासाठी ती रोज कच्चं सॅलड खाते आणि पोट फुगतं. ही सोउमिन. तिला गरम, शिजवलेलं जेवण, आलं, कोंबडी. काकडी आणि सातू हे चारांतल्या आणखी एका गटासाठी, सोयांगिनांसाठी. आपल्याकडचा प्रकृतीविचार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही.

१.००. जेवणाची सुट्टी.

३.००. काढ्यांचं काम. थेउमजोवी-थांग या काढ्यात युलमू, चेस्टनट, मुळ्याचं बी असतं आणि माहवांगही, म्हणजे एफेड्रा. त्याने भूक मरते, पण छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप उडते. अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांत त्यावर बंदी घातली. रक्तदाबाच्या पेशंटला बाई ते देत नाहीत. गट ठरवताना दोन वैद्यांचं एकमत होईलच असं नाही आणि गटानुसार खाल्ल्याने वजन जास्त उतरतं, याला भक्कम पुरावाही नाही. तरीही पचन, घाम, झोप विचारून मगच ताट ठरवणं मला फार मोलाचं वाटतं.

६.३०. शेवटच्या पेशंटचं वजन उतरलंय, ती खुशीत आहे. झोप मात्र पहाटे तीनलाच मोडते म्हणते. बाई तिच्या काढ्यातलं माहवांग काढून टाकतात.