चेहऱ्याचा लेप घरच्या घरी



दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला उटणे लावतो. लग्नात नवरा-नवरीला हळद लावतो. दोन्ही वेळा आपण अंगाला लेपच लावत असतो. मग हा लेप वर्षातून एकदाच का? आठवड्यातून एकदा चेहऱ्याला लावला तर काय बिघडेल? काही बिघडत नाही. उलट बरंच वाटतं. मात्र तो कसा लावावा, आणि त्यानं काय होतं नि काय होत नाही, हे समजून घेतलं पाहिजे.

आमच्या रेणापूरकडे सोयाबीनची मळणी सुरू झाली की सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. मालक कोण नि मजूर कोण, ओळखू येत नाही. भुसकट, धूळ आणि घाम यांचा थर बसतो. घरी बाईच्या तोंडावर चुलीचा धूरही असतो. आपण काय करतो? साबण घेतो आणि खसाखसा चोळतो. पण आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात क्षार फार. साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो. शेवटी साबणाचा चिकट थर कातडीवर राहतो. तोंड ओढल्यासारखं होतं, हिवाळ्यात तर उलतं.

डाळीच्या पिठाला फेस लागत नाही. पाणी जड असो की हलकं, ते आपलं काम करतं. पीठ चेहऱ्यावरचं तेल शोषून घेतं. चोळताना मळ निघतो आणि मेलेल्या कातडीचा पापुद्राही निघतो. आपली वरची कातडी साधारण महिनाभरात मरून गळते आणि खालून नवी येते. मेलेली कातडी साचली की चेहरा निस्तेज दिसतो. ती निघाली की टवटवीत दिसतो. लेपाची सारी जादू एवढीच आहे.

आता करायचा कसा ते सांगतो. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ दोन चमचे घ्या. लातूरचा भाग डाळीचा. घरचा हरभरा असेल तर तोच गिरणीतून बारीक दळून आणा, म्हणजे भेसळीची शंका नको. पीठ वस्त्रगाळ करा. जाड कण राहिले तर कातडीला ओरखडे पडतात. त्यात चिमूटभर हळद टाका. चिमूटभरच. पुष्कळ हळद म्हणजे पुष्कळ गुण, असं नाही. मग एक-दोन चमचे दही घालून कालवा. भज्याच्या पिठाएवढं सैल झालं म्हणजे पुरे. तोंड साध्या पाण्यानं धुऊन घ्या आणि लेप बोटांनी लावा. डोळ्यांच्या भोवती आणि ओठांवर लावू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा. कडेला सुकू लागला की ओल्या हातानं हळूहळू चोळून काढा. पार कडक होऊन तडकेपर्यंत ठेवू नका. तो तडकताना कातडीला ताणतो आणि मग आग होते. शेवटी पाण्यानं धुवा, तोंड टिपून घ्या आणि खोबरेल तेलाचं एखादं बोट फिरवा. मुरमं येणाऱ्यांनी तेल लावू नये.

ज्यांची कातडी कोरडी आहे त्यांनी दह्याऐवजी दुधावरची साय घ्यावी. सायीतल्या स्निग्धानं कातडी मऊ राहते. चेहरा तेलकट असेल तर दही किंवा ताक बरं. दह्यात सौम्य आंबटपणा असतो. त्यानं मेलेली कातडी सुटायला मदत होते. डाळीचं पीठ नसेल तर ज्वारीचं बारीक पीठ चालतं. मसुरीची डाळ रात्री दुधात भिजवून सकाळी वाटून लावली तरी चालते. उन्हाळ्यात काकडी किसून तिचा रस पिठात घाला, गार वाटतं. मुलतानी माती दुकानात मिळते. ती तेल फार ओढते, म्हणून कोरड्या कातडीला सोसत नाही. कोरडं मिश्रण डब्यात महिनाभर टिकतं. पण दही घालून कालवलेला लेप उद्यासाठी ठेवू नका. कालचं भिजवलेलं पीठ आपण भाकरीला घेत नाही, मग तोंडाला का लावावं?

पहिल्यांदा लावण्याआधी एक परीक्षा करा. थोडा लेप कोपराच्या आतल्या बाजूला लावा, धुवा आणि एक दिवस वाट पाहा. खाज सुटली, पुरळ उठलं, तर तो लेप तुमचा नव्हे. घरची वस्तू म्हणजे सगळ्यांना सोसते, असं नाही. शेंगदाणे सगळेच खातात, पण एखाद्याच्या अंगावर पित्त उठतंच की नाही?

हळदीबद्दल दोन शब्द जास्त सांगावेसे वाटतात. आमची शाळामास्तरकीची सवय, समजून घ्या. हळदीत जो पिवळा रंग आहे तो चुना किंवा साबण लागला की तांबडा होतो. पूर्वी हळदीपासून कुंकू करत, ते ह्याच गुणावर. म्हणून हळदीचा लेप काढल्यावर लगेच साबण लावला आणि तोंड तांबूस झालं तर घाबरू नका. ते पुढे धुतलं जातं. वर्गात आम्ही हळदीत बुडवून वाळवलेला कागद पोरांना दाखवत असू. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की कागद लाल! मागच्या बाकावरची पोरंही तेवढ्यापुरती पुढं येत.

हळद मात्र खरी पाहिजे. आपल्याजवळच वसमतला हळदीचा मोठा बाजार आहे. शक्य तर हळकुंडं आणून दळा, आणि फार चकचकीत पिवळी दिसणारी हळकुंडं घेऊ नका. बांगलादेशात हळकुंडांना तेज यावं म्हणून शिशाचा पिवळा रंग चोळत असत. २०१९ साली तो प्रकार उघडकीला आला आणि तिथल्या सरकारनं मोहीम काढून तो बंद पाडला. शिसं लेकरांच्या मेंदूला वाईट. दळलेल्या हळदीची सोपी पारख अशी : पेल्यात पाणी घ्या, चमचाभर हळद वरून सोडा, ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला असू शकतो.

काही गोष्टी मात्र तोंडाला लावू नयेत. लिंबू कापून थेट चोळू नका. हरभऱ्याच्या शेतात पहाटे गेलं की आंब हाताला लागते. भेगाळलेल्या हाताला ती कशी झोंबते हे तुम्हाला सांगायला नको. लिंबाचा रस तसाच तिखट आंबट. शिवाय रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. खाण्याचा सोडा लावू नका, दात घासायची पेस्टही नको. दुकानात कुणी काहीही सांगो.

आता मुख्य गोष्ट. लेपानं माणूस गोरा होतो का? होत नाही. कातडीत एक काळसर रंगद्रव्य असतं. ते कुणाला जास्त, कुणाला कमी, ते आईबापांकडून येतं. ते काही मळ नव्हे, की घासलं आणि निघालं. उन्हापासून ते आपलं रक्षण करतं. बारा महिने उन्हात राबणाऱ्या आपल्या लोकांना तर ती देणगीच आहे. पण आपला समाज ऐकत नाही. मुलगी पाहायला आले की पहिला प्रश्न रंगाचा.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. शिकलेली, हुशार, शिवणकामात हात बसलेला. एक स्थळ 'रंगानं कमी' म्हणून परत गेलं. पोरीनं कुणाच्या सांगण्यावरून एक मलमाची नळी आणली आणि रोज लावली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. घरचे खूश! तीन महिन्यांनी नळी संपली. आठवड्याच्या आत तोंड लालबुंद झालं, उन्हात गेलं की आग, गालांवर मुरमं आणि बारीक लव. त्या नळीत स्टेरॉइड नावाचं औषध होतं. खरूज-इसबासारख्या दुखण्यांत कुठं ते द्यायचं नि कुठं नाही, किती दिवस द्यायचं, हे डॉक्टर ठरवतात. रोज तोंडाला फासलं तर कातडी पातळ पडते. डॉक्टरांचे उपचार करून तिचा चेहरा ताळ्यावर यायला सहा-सात महिने लागले.

ह्याहून वाईटही घडलेलं आहे. अकोल्यात एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, ओळखीच्या पार्लरमधून आणलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींचेही मूत्रपिंडाचे विकार निघाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या आरंभी ही बातमी वर्तमानपत्रांत आली. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रोगी आढळले. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. आपल्या कायद्यानं तोंडाला लावायच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा असता कामा नये.

तुम्ही आता अक्षरं वाचता. ह्या विद्येचा इथं उपयोग करा. नळीवर किंवा डबीवर करणाराचं नाव आहे का, पत्ता आहे का, परवाना क्रमांक आणि तारीख आहे का, पाहा. नसेल तर ती घेऊ नका. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. नळीवर ती बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून घरच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. ही स्टेरॉइडची नावं आहेत. आधीपासून कुणी लावत असेल तर मनानं एकदम बंद करू नये, डॉक्टरांना नळी दाखवावी.

आम्ही दुसऱ्यांना सांगतो खरं, पण आमचाही दोष आहे. शाळेत कुणी पाहुणे आले की ओवाळायला कोणत्या मुली पुढं उभ्या करायच्या, हे आम्हीच ठरवत असू. गोऱ्या मुली पुढं, सावळ्या मागं. एका वर्षी एक सावळी मुलगी, गळा फार गोड, मागच्या रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणत होती आणि खाली पाहत होती. ते तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही. ही नळीची हकिकत ऐकली त्या दिवशी आलं.

चेहऱ्यावर काही डाग असतील तर लेपाच्या भरवशावर राहू नका. बायकांच्या गालांवर वांग येतात, बहुधा बाळंतपणाच्या सुमारास. ते उन्हानं वाढतात. शेतात जाताना पदर किंवा रुमाल पुढं ओढून घेणं हे त्यावर लेपापेक्षा बरं. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं, पोळलेलं कळत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर रोग पुरता बरा होतो. पिकलेल्या मुरमांवर, जखमेवर, नायट्यावर लेप लावू नका.

गडीमाणसांनी हे बायकांचं म्हणून सोडून देऊ नये. मळणीची धूळ दोघांच्याही तोंडावर बसते. दाढी केलेल्या दिवशी मात्र लेप लावू नका, झोंबेल. आणि वाटीत लेप उरला तर टाकू नका. कोपरांना नि टाचांना चोळा, तिथली कातडी जास्त राठ असते.