डिंभ्याचं पाणी आणि काठावरचा हंडा

मंचरच्या बाजारात भर उन्हाळ्यातही ताजी तरकारी येते, त्यामागे डिंभे धरणाचा मोठा हात आहे. घोड नदीवरचा हा हुतात्मा बाबू गेनू सागर भरला की साडेतेरा टीएमसी होतो. आवर्तनाच्या बातम्यांत टीएमसी आपण नेहमी वाचतो, पण तो असतो केवढा? हजार फूट लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच टाकी म्हणजे एक टीएमसी, सुमारे 2,832 कोटी लिटर. सगळं धरण दहा हजार लिटरच्या टँकरांत भरायचं तर 3 कोटी 82 लाख टँकर लागतील. प्रत्येकाला दहा मीटर जागा धरली, तर रांग जवळजवळ चंद्राला टेकेल.

आता पिण्याचा हिशेब. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलेत. 2011 च्या जनगणनेनुसार, धरण आहे त्या आंबेगाव तालुक्याची लोकसंख्या सुमारे 2 लाख 36 हजार. एवढ्या सगळ्यांना वर्षभर लागणारं पाणी एका टीएमसीच्या सहाव्या हिश्श्यात बसतं. म्हणजे एकदा भरलेलं धरण तालुक्याला ऐंशी वर्षं पुरेल.

तरीही धरणाच्या वरच्या अंगाला, पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. धरणात भातखाचरं बुडाली ती इथल्याच महादेव कोळी कुटुंबांची. आवर्तन सुटलं की फुगवटा मागे सरतो, विहिरी तळ गाठतात आणि बाईला गाळ तुडवत आणखी खाली उतरावं लागतं. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. दोन-दोन हंडे आणले तरी नऊ खेपा, त्याही चढाच्या. वर्षभर असं भरलं, तर एका घरासाठी शंभर टन पाणी डोक्यावरून जाईल. इतकं कुणालाच झेपत नाही, म्हणून काटकसर होते ती अंघोळीत, धुण्यात. शौचालय बांधलेलं असतं, त्यात ओतायला बादली नसते.

खालच्या शेतकऱ्याला पाणी मिळायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक हेक्टर ऊस वर्षाला साधारण दोन कोटी लिटर पितो, आणि हजार वस्तीच्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणीही तेवढंच. राज्याच्या जलनीतीत पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा आहे. मग उन्हाळी आवर्तन सोडण्याआधी काठावरच्या वाड्यांचा हिस्सा राखून ठेवा, आणि तो वर चढवणारे पंप, नळ, विजेचं बिल यांची सोय त्याच प्रकल्पाच्या खर्चातून करा.