पुण्यात गाडी कोठे बदलावी लागते?

मुळा-मुठेच्या संगमाभोवती वसलेले पुणे सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने चहूकडे पसरत गेले, आणि म्हणूनच येथील सार्वजनिक वाहतुकीचा प्रश्न मुंबईपेक्षा मुळातच निराळा आहे. मुंबईत लोकल हा प्रवासाचा कणा असून बेस्टच्या बस माणसांना स्थानकापर्यंत आणून सोडतात. पुण्यात लोणावळ्याची लोकल १९७८ पासून धावत असली तरी ती एकाच दिशेची असल्याने शहराचा भार अनेक दशके बसनेच वाहिला. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन संस्था २००७ मध्ये एकत्र होऊन आजची पीएमपी अस्तित्वात आली.

चहूकडे फाकलेल्या शहरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याला बहुधा मध्ये कोठेतरी उतरून दुसरी गाडी धरावी लागते. स्वारगेट, डेक्कन, मनपा आणि पुणे स्टेशन ही अशा बदलाची जुनी ठिकाणे होत. धावत्या गाडीतल्या वेळेपेक्षा थांब्यावर ताटकळण्यातला वेळ माणसाला कितीतरी अधिक जाचतो, आणि वाहतूक नियोजनात तो साधारणपणे दुप्पट धरला जातो. दर दहा मिनिटांनी नियमित येणाऱ्या बससाठी सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. परंतु त्याच बस कोंडीत अडकून दोन-दोनच्या जोडीने वीस मिनिटांनी येऊ लागल्या, तर फेऱ्यांची संख्या तेवढीच राहूनही ही प्रतीक्षा दहा मिनिटांची होते. केवळ बसची संख्या वाढवून प्रवाशाचे हाल कमी होत नाहीत, ते यामुळेच.

बसला कोंडीतून सोडवण्याचा पुण्याचा प्रयत्न देशात पहिला होता. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यांवर बीआरटी, म्हणजे केवळ बससाठी राखलेली मार्गिका, सुरू झाली. मार्गिका रस्त्याच्या मधोमध असली की थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाहत्या रहदारीतून वाट काढावी लागते, आणि बसने जाणारा प्रत्येक माणूस आधी पादचारी असतो, ही साधी गोष्ट त्या आखणीत पुरेशी जपली गेली नाही. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गावर थांब्याचा फलाट बसच्या तळाच्या उंचीला आणला गेला, ही खरी सुधारणा होती. वृद्धांना आणि लहान मुले कडेवर घेतलेल्या स्त्रियांना तिचे मोल विशेष जाणवते.

मेट्रो मार्च २०२२ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटला पोहोचली. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या तिच्या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात. हिंजवडीची तिसरी मार्गिकाही येथेच जोडण्याचे नियोजन आहे. कोथरूडहून मंडईला निघालेला प्रवासी येथे रस्त्याच्या वर उभारलेल्या फलाटावर उतरतो आणि जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर खोल असलेल्या दुसऱ्या फलाटावर सरकत्या जिन्यांनी किंवा लिफ्टने जातो. ऊन, पाऊस आणि वाहने यांपैकी काहीही आड न येता, एकाच तिकिटावर होणारा हा बदल शहराच्या वाहतुकीतली मोठी मिळकत मानावी लागेल, कारण वरच्या पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर बसला एवढी मोकळी वाट कधीच मिळाली नसती.

तथापि मेट्रोतून उतरलेल्या बहुतेकांचे घर स्थानकाला लागून नसते. स्वारगेटला मेट्रो, पीएमपीचे थांबे आणि एसटीचे स्थानक जवळजवळ आहेत, पण जवळ असणे आणि जोडलेले असणे यांत अंतर आहे. कात्रजकडचा भुयारी विस्तार पूर्ण होईपर्यंत पुढचा प्रवास बसनेच व्हायचा आहे, आणि रात्रीच्या शेवटच्या मेट्रोतून उतरणाऱ्यांसाठी एखादी बस थांबवून ठेवायला नवे बांधकाम लागत नाही. त्यासाठी मेट्रो आणि पीएमपी या दोन्ही संस्थांनी आपली वेळापत्रके एकत्र बसून आखायला हवीत.