मोटारसायकलीचे घरगुती इशारादिवे

सोलापुरांतील सात रस्त्यावर सायंकाळीं घटकाभर उभें राहिलें असतां इशारादिव्याचें महत्त्व पुस्तकावांचून समजतें. पुढील स्वार कोणीकडे वळणार, हें मागच्यास त्या पिवळ्या उघडझांपीवरूनच कळावयाचें. हे दिवे फुटले म्हणजे आमचे कांहीं विद्यार्थी सुटे एल.ई.डी. आणून घरींच नवे करतात. (गाडी अर्थातच वडिलांची, अठरा वर्षांखालील मुलांनीं ती चालवावयाची नाहीं.) त्यांच्या हौसेचें आम्हांस कौतुक आहे, परंतु या कामांत एक मेख आहे.

साध्या बल्बांत तार तापून प्रकाश पडतो. एल.ई.डी. हा अर्धवाहक स्फटिक; १९६२ सालीं निक होलोनियाक यांनीं तांबडा करून दाखविला, पिवळा पुढें १९७२ त साधला. यास वीज फारच थोडी लागते, आणि सर्व अडचणी या गुणांतूनच उपजतात.

प्रथम रोधक. लहान पिवळा एल.ई.डी. सुमारें २ व्होल्ट घेतो, व त्यांतून २० मिलिअँपियरहून अधिक प्रवाह जाऊं देऊं नये. बॅटरी १२ व्होल्टांची खरी. पण इंजिन चालू असतां दाब १४.४ पर्यंत चढतो, म्हणून हिशेब त्यावर करावा. तीन एल.ई.डी. एकापुढें एक जोडल्यास ६ व्होल्ट खर्चीं पडले, उरले ८.४, त्यांस ०.०२ नें भागिलें म्हणजे ४२० ओहम. बाजारांत ४७० चा सहज मिळतो, तो घ्यावा. तिघांच्या प्रत्येक ओळीस स्वतंत्र रोधक हवा.

जुन्या पद्धतीचा फ्लॅशर बल्बांच्या प्रवाहावर चालतो. १० वॅटांचे दोन बल्ब दीड अँपियरहून अधिक वीज ओढतात, एल.ई.डी. तिच्या दशांशाइतकीही नाहीं. मग तो बंद तरी पडतो, नाहीं तर भलत्याच घाईनें लुकलुकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०२ वा नियम मिनिटास ६० ते १२० ही मर्यादा घालतो. एल.ई.डी.साठीं केलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा, हें बरें.

खरी फसगत पुढेंच. आम्हीं एका जुन्या गाडीवर हे दिवे बसविले, डावें बटण दाबलें, तों चारही दिवे लुकलुकूं लागले! दोन तास तारा तपासल्या; आमच्या जोडणींत दोष नव्हताच. अनेक जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरपाशीं एकच बारीक बल्ब डाव्या व उजव्या तारांच्या मध्यें असतो. डावीकडील वीज त्यांतून उजव्या दिव्यांवाटे अर्थला जाते. मोठे बल्ब एवढ्याशा विजेनें पेटत नाहींत, एल.ई.डी.ला मात्र ती पुरते. तेव्हां त्या बारीक बल्बाचें एक टोंक अर्थला जोडावें आणि दुसऱ्या टोंकास दोन्ही बाजूंच्या तारा एकेका डायोडांतून आणाव्या. १एन४००७ जातीचा चालतो. वीज बल्बाकडे येईल, पलीकडे जाणार नाहीं. तोंवर गाडी रस्त्यावर आणूं नये. चारही दिवे लुकलुकतांना मागील माणसानें काय समजावें?

शेवटीं आमच्या गांवच्या उन्हाची परीक्षा. खोलींत झगझगणारा दिवा वैशाखांतील दुपारीं दिसतोच असें नाहीं. तीस पावलांवरून पाहावा. बाजूनेंही पाहावा, कारण एल.ई.डी.चा झोत अरुंद असतो. न दिसल्यास पालकांनीं खर्चाकडे न पाहतां दुकानांतील प्रमाणित दिवे आणून द्यावे, आणि मुलानें केलेले दिवे शाळेच्या प्रदर्शनासाठीं ठेवावे.