वयलो कुणगो, खालचो कुणगो

संपादकांनी मला धामापूरला पाठवलं ते तलावासाठी. मालवण तालुक्यातल्या या गावात नागेश देसाई आणि गावकऱ्यांनी १५३० साली मातीचा बांध घालून डोंगरांमधलं पाणी अडवलं. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. एवढं वाचून गेले होते. पाय अडले ते तलावाखालच्या मळ्यात.

जानेवारीची सकाळ. कोकणातली बरीचशी शेतं दिवाळीनंतर कोरडी पडतात. पावसाळाभर कोसळलेलं पाणी व्हाळांवाटे केव्हाच समुद्राला मिळालेलं असतं. इथे मात्र वायंगणाची, भाताच्या दुसऱ्या पिकाची, लावणी चालली होती. एक काकी खोऱ्याने मेरेचं, भातखाचरांमधल्या बांधाचं, तोंड फोडायच्या, पाणी नजरेने जोखायच्या, मग चिखलाचा गोळा थापून ते अर्धं बुजवायच्या. कुणगा, म्हणजे खाचर, भरला की त्याच तोंडातून पाणी खालच्या कुणग्यात. ना नळ, ना पंप. पाणी जास्त झालं तर कोवळा तरवा बुडतो, कमी झालं तर तण माजतं. हे माप काकींच्या पोटऱ्यांना ठाऊक होतं.

"वयलो कुणगो भरल्याशिवाय खालच्याक पाणी खयसून गावतला?" त्या म्हणाल्या.

पाणी असं वाटून घेणारं आणखी एक गाव आठवलं. बेथलेहेमजवळच्या बत्तीर या पॅलेस्टिनी गावात झऱ्याचं पाणी आठ कुळांत वाटतात. म्हणून तिथला पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा. तिथल्या दगडी बांधांच्या शेतीला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं. तिथे शेजाऱ्याची शेजाऱ्याशी गाठ वाराने पडते, इथे मेरेने.

काळजीही त्या मेरेचीच. ती दरवर्षी चिखलाने लिंपावी लागते, नाहीतर कुर्ल्यांच्या बिळांतून पाणी निसटतं. पण कोकणात एकेका सातबारावर डझनभर नावं, त्यातली निम्मी मुंबईला. जमीन सामायिक, म्हणून पड. जो कसतो त्याला लावणीला माणूस मिळत नाही, आणि हाताशी आलेलं पीक वानर नाहीतर गवे नासतात. वरचा कुणगा पड राहिला की खालचा तहानतो; दोन वर्षं तग धरून तोही सुटतो. बांध शाबूत, तलाव भरलेला, आणि मळा मात्र कोरडा, असं व्हायला पाच शतकं लागत नाहीत.

निघताना मागे वळून पाहिलं. काकींच्या वरच्या अंगाचे दोन कुणगे पड होते. त्यांच्या मेरेची बिळं काकीच बुजवत होत्या.