खान्देशातले साडेचार तास

सीटी स्कॅनचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. तोंड वाकडं झालंय, उजवा हात लुळा पडलाय, पण मेंदूत काही दिसत नाही, म्हणजे लकवा नसणार, असा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. रक्तवाहिनी फुटली असेल तर सांडलेलं रक्त सीटीवर लगेच पांढरं उठून दिसतं. वाहिनीत गुठळी अडकली असेल तर पहिल्या काही तासांत स्कॅनवर फारसा फरक दिसत नाही, कारण मेंदूचा बराच भाग अजून जिवंत असतो. लकव्याची लक्षणं समोर असताना स्कॅन स्वच्छ आला, तर रक्त पुन्हा सुरू करण्याची संधी हातात आहे असं समजायचं.

ही संधी किती वेळ टिकते, हे मेंदूच्या भुकेवर ठरतं. वजनाने तो शरीराचा जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो. साठवण मात्र काहीच नाही. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात. हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. दहाच्या खाली गेलं की पेशी मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी निकामी दिसतात, पण मेलेल्या नसतात. अ‍ॅस्ट्रप, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये बबून माकडांवरच्या प्रयोगांतून हा फरक दाखवून दिला. लकव्याचा आजचा सगळा तातडीचा उपचार या मधल्या पट्ट्यासाठी आहे.

पांझरेकाठची फड बागायत पाहिलेल्यांना हे चटकन समजेल. मुख्य पाट वर कुठे बुजला तर त्याच्यावरच अवलंबून असलेला तुकडा आधी वाळतो. कडेच्या पिकाला शेजारच्या चारीचा पाझर मिळत राहतो. ते माना टाकतं, पण मुळं जिवंत असतात. वेळेत पाणी सुटलं तर पुन्हा उभं राहतं.

मेंदूतला हा पाझर आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून येतो आणि तो रक्तदाबाच्या जोरावर चालतो. झटका आल्यावर रक्तदाब वाढतो, त्याचं एक कारण हेच आहे. म्हणून घरच्या घरी जिभेखाली बीपीची गोळी ठेवून दाब झपकन उतरवणं धोक्याचं. कडेच्या पेशींचा उरलासुरला आधारही त्यात जातो. अ‍ॅस्पिरिनही स्कॅनच्या आधी देऊ नये, रक्तस्राव असला तर तो वाढेल. पाणीसुद्धा पाजू नये, गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतील तर ते श्वासनलिकेत जातं. बोटांना सुया टोचून रक्त काढण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, त्याने मेंदूतली गुठळी जागची हलत नाही. दरम्यान, मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

गुठळी विरघळवण्याचं औषध १९९५ मध्ये सिद्ध झालं. अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांच्या चाचणीत तीन तासांच्या आत अल्टेप्लेज दिलेल्यांमध्ये, तीन महिन्यांनी अपंगत्व जवळजवळ न उरण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त आढळली. किंमतही मोजावी लागली: मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के जणांना झाला, न घेतलेल्यांत ०.६ टक्के. म्हणूनच स्कॅन, साखर आणि रक्तदाब तपासल्याशिवाय हे इंजेक्शन देत नाहीत. दाब १८५/११० च्या वर असेल तर आधी तो रुग्णालयात, देखरेखीखाली खाली आणतात. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली.

औषध काम कसं करतं? गुठळीला फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी धरून ठेवते. अल्टेप्लेज या जाळीला चिकटतं आणि रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं. प्लाझ्मिन धागे कापतं, गुठळी सुटते. पण अल्टेप्लेज रक्तातून काही मिनिटांत निघून जातं. त्यामुळे ६० किलोच्या माणसाला लागणाऱ्या ५४ मिलिग्रॅमपैकी एक दशांश आधी टोचायचं आणि उरलेलं तासभर पंपाने थेंब-थेंब सोडायचं. त्याचाच सुधारलेला भाऊ म्हणजे टेनेक्टेप्लेज. मूळ प्रथिनात तीन जागी बदल केल्याने ते रक्तात जास्त वेळ टिकतं आणि फायब्रिनला अधिक नेमकं धरतं. पंप नको, तासभर बसणं नको. एकच इंजेक्शन, काही सेकंदांत.

हे टेनेक्टेप्लेज पुण्यात तयार होतं. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या औषधाला भारताच्या औषध महानियंत्रकांनी लकव्यासाठी २०१६ मध्ये परवानगी दिली, दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या मात्रेत. ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. अमेरिकेने याच प्रकारच्या औषधाला लकव्यासाठी मान्यता दिली ती मार्च २०२५ मध्ये.

एका टोचणीने काम भागणं ही शहरापेक्षा खान्देशासाठी मोठी गोष्ट आहे. शिरपूरहून धुळे पन्नासेक किलोमीटर, रावेरहून जळगाव साठ-सत्तर. चोपडा, यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यावरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचावं लागतं. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. स्कॅन झाल्या झाल्या तिथेच इंजेक्शन दिलं, की पुढची गरज असलेल्या रुग्णाला नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरकडे हलवता येतं. हलत्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तासभराचा पंप सांभाळण्याची कसरत उरत नाही.

पुढची गरज बहुधा मोठ्या वाहिनीत गुठळी असलेल्यांना पडते. तिथे नुसतं औषध अनेकदा अपुरं पडतं. मग मांडीच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत सरकवतात, टोकाची जाळी गुठळीत उघडतात आणि जाळीसकट गुठळी ओढून काढतात. नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०१५) असा उपचार मिळालेल्यांपैकी ३२.६ टक्के लोक स्वतःचं स्वतः करण्याइतके बरे झाले; न मिळालेल्यांत १९.१ टक्के. मेंदूचा पाझर चांगला असलेल्या निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही याचा फायदा होतो, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं. मात्र कोण निवडक, हे तपासणीनंतरच ठरतं. चोवीस तासांचा आकडा ऐकून घरी थांबणाऱ्याच्या वाट्याला तो बहुतेक येत नाही.

आणि वेळ जातो तो मुख्यतः घरातच. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत केलेल्या पाहणीत (२०१५) लकवा हे मृत्यूचं पहिलं कारण निघालं: दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. खान्देशातही “वारा लागला, तेल चोळा, सकाळी बघू” ही वाक्यं अनोळखी नाहीत. लकवा दुखत नाही, हीच अडचण. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो. लुळा पडलेला हात गप्प असतो.

म्हणून घरच्यांनी तीनच गोष्टी पाहायच्या. हसायला सांगा: तोंडाची एक बाजू ओघळते का? दोन्ही हात समोर धरायला सांगा: एक खाली येतो का? आज कोणता वार, एवढं विचारा: जीभ अडखळते का? एक जरी खूण दिसली तर १०८ ला फोन. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, “शेवटचे नीट केव्हा होते?” झटका कळला ती वेळ नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ धरतात. रात्री दहाला जेवून झोपलेले बाबा पहाटे पाचला लुळे सापडले, तर घड्याळ दहापासून सुरू होतं.

दुसरी बाजू व्यवस्थेची. हिमाचल प्रदेशात सिमल्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सीटी असलेली जिल्हा रुग्णालयं फोनने जोडून घेतली. स्कॅनची चित्रं मोबाइलवर पाहून तिथल्याच डॉक्टरांकडून इंजेक्शन देववलं आणि सरकारने औषध मोफत पुरवलं. डोंगरी राज्याला जे जमलं ते तापीच्या सपाट खोऱ्याला अवघड नाही. चोपडा, शिरपूर, साक्री, पाचोरा इथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर एक ओळ हवी: रात्री दोन वाजता सीटी, इंजेक्शन आणि ते देणारा डॉक्टर या तिन्ही गोष्टी एका छपराखाली कुठे मिळतील. ही ओळ लिहिता येत नसेल तर ती लिहिता येईल अशी सोय करणं, हे जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा प्रशासनांचं काम आहे.