पोट लहान झालं, तलफेचं काय?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेलं असतं. वजन चांगलं उतरलेलं असतं, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, जिना चढताना गुडघे कुरकुरत नाहीत. आणि अशाच एका संध्याकाळी, जेवण होऊन तासच झालेला असताना, हात शेव-चिवड्याच्या डब्याकडे जातो. पहिल्या सहा महिन्यांत ज्याची आठवणही होत नव्हती, ते पुन्हा खावंसं वाटू लागतं. मनात पहिला विचार येतो, ‘ऑपरेशन वाया गेलं की काय?’ दुसरा विचार त्याहून घातक असतो, ‘आता डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं?’

परभणीसारख्या जिल्ह्यात हा दुसरा विचार सहज जिंकतो. अशा शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या शहरांत होतात. ऑपरेशनच्या वेळी सोबत यायला घरातली चार माणसं तयार असतात. पण वर्षभरानंतर ‘तलफ येते’ एवढ्या कारणासाठी जिंतूर किंवा पालमहून छत्रपती संभाजीनगर, पुणे नाहीतर हैदराबाद कोण गाठणार? तपासणीची एक तारीख चुकते, मग दुसरी चुकते. वजन परत वाढण्याची सुरुवात अनेकदा ताटापेक्षा या चुकलेल्या तारखांपासून होते. म्हणून ही तलफ नेमकी काय असते आणि तिच्याशी घरच्या घरी कसं वागायचं, हे समजून घ्यायला हवं.

शस्त्रक्रियेनं नेमकं काय बदलतं?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे हा विषय ठळक बातम्यांत आला तो २०११ साली, भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. त्यांची खाण्याची आवड महाराष्ट्राला ठाऊक आहे. खवय्या माणसानं पोट लहान करून घेतलं, तर त्याच्या आवडीचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल.

आज सर्वांत जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह’. तिच्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत जागा कमी होते, पण खरी गंमत जागेची नाही, संदेशांची आहे. १९९९ साली जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणाऱ्या ‘घ्रेलिन’ या संप्रेरकाचा शोध लावला. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय या शस्त्रक्रियांनंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही ‘आता पुरे’ सांगणारी आतड्यातली संप्रेरकं जेवणानंतर जास्त प्रमाणात स्रवतात.

मेंदूतही फरक दिसतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. जठराला पट्टा बसवलेल्यांच्या तुलनेत बायपास झालेल्यांच्या मेंदूतली आनंदाची केंद्रं चमचमीत पदार्थांच्या चित्रांना कमी प्रतिसाद देत होती. म्हणजे पहिल्या महिन्यांत जिलेबीकडे बघावंसं वाटत नाही, ते केवळ निग्रहामुळे नाही. शरीर तेव्हा आपल्या बाजूनं असतं.

मग तलफ परत का येते?

कारण ही सवलत कायमची पूर्ण राहत नाही. हळूहळू एका वेळी थोडं जास्त जेवता येऊ लागतं. घटलेलं वजन परत मिळवण्याकडे शरीराचा कल असतोच. आणि जठर कापता येतं, पण सहाच्या चहाबरोबर खारी खाण्याची वीस वर्षांची सवय कापता येत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली होती. थोडं वजन परत येणं हा नेहमीच्या वाटचालीचा भाग आहे, असं हे आकडे सांगतात. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाणही शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच लोकांपेक्षा कमी आढळलं. तेव्हा तलफ आली म्हणजे ऑपरेशन फसलं, असं नाही. पुढचं काम सुरू झालं, एवढाच तिचा अर्थ.

भूक ओळखा, तलफ ओळखा

भूक हळूहळू येते आणि जे असेल ते खाऊन शमते. तलफ अचानक येते, तिला एकच पदार्थ हवा असतो आणि ती बहुतेकदा ठरावीक वेळेला, जागेला किंवा मनःस्थितीला चिकटलेली असते. एक सोपी परीक्षा करा. ‘आत्ता समोर गरम वरणाची वाटी आली तर चालेल का?’ असं स्वतःला विचारा. चालत असेल तर ती भूक आहे. वेळ न काढता खा. ‘नको, भजीच पाहिजेत’ असं उत्तर आलं, तर ती तलफ.

दोन फसवे प्रकार आणखी आहेत. पहिला तहानेचा. लहान जठरात एकदम तांब्याभर पाणी मावत नाही, त्यामुळे दिवसभरात पाणी कमी पडतं आणि ती ओढ खाण्याची वाटते. परभणीच्या उन्हाळ्यात तर हे हमखास होतं. जवळ बाटली ठेवून घोट-घोट पाणी प्यावं. मात्र जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास नको.

दुसरा प्रकार गोडाचा. जास्त गोड खाल्लं की, विशेषतः बायपासनंतर, ते वेगानं आतड्यात उतरतं. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी उलट रक्तातली साखर उतरल्यानं थरथर सुटते आणि पुन्हा गोडच खावंसं वाटतं. गोड खाल्लं म्हणून गोडाची ओढ, असं हे चक्र आहे. थरथर होत असेल तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साखर वर आणावीच लागते. पण असं वारंवार होत असेल, तर तपासणी हवी. चक्र तोडायचं असेल, तर गोडाच्या जागी प्रथिनांना बसवावं लागतं.

भाकरी अडकते, शेव सरकते

शस्त्रक्रियेनंतर अनेकांना कोरडी भाकरी, पोळी किंवा मोकळा भात छातीत अडकल्यासारखा वाटतो. शेव, बिस्कीट, खारी, आइस्क्रीम मात्र विरघळून अलगद खाली उतरतं. मग माणूस नकळत जे सरकतं ते खायला लागतो. ‘मी तर काहीच जेवत नाही’ असं सांगणाऱ्याचं वजन वाढतं, ते बहुधा येता-जाता तोंडात टाकलेल्या अशा पदार्थांमुळे.

यावर भाकरी सोडणं हा उपाय नाही, क्रम बदलणं हा आहे. आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरीचा चतकोर, तोही वरणात किंवा ताकात कुस्करून. घास लहान, चावणं भरपूर आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटं. शस्त्रक्रियेनंतर सहसा दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, त्यामुळे हा आकडा आपोआप गाठला जात नाही. अंडी, पनीर, घट्ट दही, मुगाचं धिरडं, मऊ शिजवलेली मटकी, मासे असं दिवसभरात वाटून घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यात शिवारभर सोयाबीन असतं, पण ते बाजारात जातं, स्वयंपाकघरात क्वचितच येतं. त्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात. नीट शिजवलेली सोयावडी किंवा थोडं भाजलेलं सोयापीठ मिसळलेलं धिरडं हा स्वस्त पर्याय आहे. पोटाला प्रथिनांचा आधार असला की संध्याकाळची तलफ सौम्य होते.

माती, खडू, बर्फ खावासा वाटला तर

काही जणांना, विशेषतः बायकांना, अचानक माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ लागते. संकोचानं त्या कुणाला सांगत नाहीत. ही चटक नव्हे, लोह कमी झाल्याची खूण असू शकते. शस्त्रक्रियेनंतर लोहाचं शोषण घटतं, आणि बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांचीही कमतरता होऊ शकते. रक्ततपासणी करून लोह भरून काढलं की ही ओढ बहुधा थांबते. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आणला. तो जेवणात असणं चांगलंच, पण तो गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवावी.

हुरडा, उरूस आणि पंगत

तलफेचा कस लागतो तो सणावारी. थंडीत शेतात हुरडा भाजला जातो, फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या उरुसात मिठाईची दुकानं लागतात, मग लग्नसराई येते. प्रत्येक वेळी ‘मला नको’ म्हणत दूर बसणं फार दिवस निभत नाही. आधी ठरवून जाणं जास्त टिकतं. घरून अंडं किंवा दही खाऊन निघावं. मूठभर हुरडा दह्याबरोबर नीट चावून खावा, गूळ टाळावा. पंगतीत बुंदीची चव घ्यायचीच असेल, तर जेवणाच्या शेवटी एक चमचा, आणि तोही डम्पिंगचा त्रास नसेल तरच.

उपवासाचं गणित वेगळं आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नगण्य. खिचडी सहज उतरते आणि लवकरच पुन्हा खावंसं वाटतं. एकादशी असो की रोजा, शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या दीड वर्षात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

तलफ आली त्या क्षणी

तलफ लाटेसारखी असते. ती चढते आणि तिला खाऊ घातलं नाही तरी उतरते. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबा. त्या वेळात डोळे आणि हात गुंतवा. आपल्याला हवासा पदार्थ आधी मनात ‘दिसतो’, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या एका प्रयोगात तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळल्यावर लोकांची तलफ कमी झाली, कारण ते चित्र उभं करायला मेंदूला फुरसत उरली नाही. याच न्यायानं रांगोळी, भरतकाम, पत्त्यांचा डाव हेही करून पाहण्यासारखं आहे. पंधरा मिनिटांनंतरही खायचंच असेल, तर डब्यातून नव्हे, वाटीत काढून, बसून खा आणि तेवढ्यावर थांबा. कुठल्या वेळी, काय झाल्यावर तलफ आली, हे वहीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांत स्वतःचा नमुना दिसू लागेल: कुणाची तलफ दुकान बंद केल्यावर येते, कुणाची भांडणानंतर.

घरच्यांचंही काम आहे. ‘एवढंच? अन् एक घास घ्या की!’ हा आपला प्रेमाचा आग्रह इथे त्रास ठरतो. शेवेचा डबा समोरच्या फळीवर ठेवून सुनेच्या निग्रहाची परीक्षा बघू नये. ‘एवढे पैसे घातले आणि पुन्हा खातेस?’ हे वाक्य तर घरात नकोच. लाजेनं माणूस खाणं थांबवत नाही, लपून खायला लागतो.

डॉक्टरांना कधी सांगायचं?

उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, हातापायांना बधिरपणा येत असेल, चक्कर येत असेल, शौचाला काळी होत असेल, तर थांबू नये. लपून, भान न राहता खाणं होत असेल, तेही आजारपणासारखंच सांगावं. दारूबाबत विशेष सावध राहावं: शस्त्रक्रियेनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि बायपास झालेल्यांत दुसऱ्या वर्षापासून दारूच्या व्यसनाचा धोका वाढल्याचं आढळलं आहे. मन खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाकी तपासण्यांसाठी दर वेळी मोठं शहर गाठायलाच हवं असं नाही. रक्ततपासणी गावाजवळच्या प्रयोगशाळेत करून अहवाल फोनवरून पाठवता येईल का, आहारतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर बोलतील का, हे ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाला विचारून ठेवा. वजन दोन-चार किलो वाढलं असतानाच केलेला फोन, पंधरा किलो वाढल्यावर केलेल्या प्रवासापेक्षा खूप सोपा असतो. तारीख चुकली असेल, तर या आठवड्यात तो फोन करा.